आजोबांच्या घड्याळातला उजेड



यंदाच्या व्याख्यानाला विषय कोणता, असे सभेच्या चिटणीसांनी विचारले तेव्हा मी ‘रेडियम’ असे उत्तर दिले. त्यांना वाटले, मी मोटारीच्या काचांवर नावे चिकटवणाऱ्या दुकानांविषयी बोलणार आहे. चूक त्यांची नाही. बडोद्यात, इंदुरात, बेळगावात, कोणत्याही गावी चौकात जाऊन ‘रेडियमवाला कुठे बसतो’ असे विचारा. लोक तुम्हाला रिक्षाच्या पाठीवर देवाचे नाव कापून चिकटवणाऱ्या कारागिराकडे नेतील. त्याच्या दुकानात रेडियमचा कणही नसतो. मुलांच्या खोलीत छताला चिकटवायच्या चांदण्यांतही नसतो. अंधारात चमकते ते रेडियम, एवढाच अर्थ आपल्या बोलीत उरला आहे. वस्तू गेली, नाव राहिले. मात्र ती वस्तू एके काळी खरोखरच आपल्या घरांत होती, आणि काही घरांत अजून आहे. हा लेख तिच्याविषयी आहे.

आमच्या दांडिया बाजारातल्या घरी आजोबांचे एक गजराचे घड्याळ होते. परदेशी बनावटीचे, पितळी पाठीचे, माथ्यावर दोन वाट्यांची घंटा असलेले. आकडे आणि काटे रात्री हिरवट उजळत. आजोबा त्याला ‘रेडियमचे घड्याळ’ म्हणत, आणि त्या उच्चारात थोडा अभिमान असे. १९७१ च्या डिसेंबरात युद्धामुळे शहरात ब्लॅकआउट झाला, खिडक्यांना काळे कागद लागले, तेव्हा आम्ही सगळी भावंडे त्या घड्याळाभोवती बसलो होतो. अकरा आकडे दिसत होते. नऊचा दिसत नव्हता.

नऊच्या आकड्याची गोष्ट अशी. त्याआधी काही वर्षे, गणपतीच्या आरासीत पुठ्ठ्याचा चंद्र करायचा ठरले होते. तो रात्री चमकला पाहिजे, असे माझ्या थोरल्या चुलतभावाच्या, आमच्या दादाच्या, मनात आले. दुपारी आजोबा झोपले असताना त्याने घड्याळाची काच काढली, दाढीच्या पात्याने नऊचा आकडा खरवडला आणि ती पूड काड्यापेटीत घेतली. डिंकात कालवून ती चंद्राला लावली. कुंचल्याचे टोक नीट येईना, म्हणून त्याने ते जिभेवर फिरवले. मी शेजारी बसून पाहत होतो. चंद्र काही चमकला नाही. दादाला मार बसला तो घड्याळ बिघडवल्याबद्दल.

ओठांनी कुंचल्याला टोक काढण्याची ही कृती मला पुढे चाळीस वर्षांनी एका पुस्तकात भेटली, आणि त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

मेरी आणि पिएर क्यूरी यांनी रेडियमचा शोध १८९८ च्या डिसेंबरात जाहीर केला. बोहेमियातल्या योआखिमस्थाल येथील खाणींतून आणलेले टाकाऊ खनिज मणामणाने उकळून, गाळून, १९०२ साली त्यांनी जेमतेम दशांश ग्रॅम रेडियमचा क्षार वेगळा केला. तो अंधारात आपोआप उजळत असे आणि स्पर्शाला कोमट लागे. कोणतेही इंधन न घालता सतत ऊब आणि उजेड देणारा पदार्थ! त्या काळच्या जगाला त्याचे वेड लागले नसते तरच नवल. रेडियमची तुलना संजीवनीशी होऊ लागली. अमेरिकेत रेडियम घातलेले पाणी बाटलीत भरून बलवर्धक औषध म्हणून विकले गेले. ते वर्षानुवर्षे पिणारे एबेन बायर्स नावाचे एक श्रीमंत गृहस्थ १९३२ साली जबडा झिजून मेले.

घड्याळाचा रंग निघाला तो याच वेडातून. रेडियमची अत्यल्प मात्रा जस्ताच्या सल्फाइडमध्ये मिसळली की रेडियममधून सुटणारे अल्फा कण त्या भुकटीवर आदळतात आणि प्रत्येक आदळण्यासरशी एक बारीक ठिणगी उमटते. अशा असंख्य ठिणग्या मिळून तो हिरवट उजेड होतो. एका तबकडीवर रेडियम असे ते साधारण ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाएवढे, अनेकदा त्याहूनही कमी. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना काडी न ओढता वेळ पाहता यावी म्हणून अशा घड्याळांना मोठी मागणी आली. काडी ओढली की समोरची गोळी येई.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या ऑरेंज या गावी साबिन फॉन सोखोत्स्की या डॉक्टराच्या कंपनीचा कारखाना होता. ही कंपनी पुढे युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशन म्हणून ओळखली गेली. तेथे आकडे रंगवायला बहुतेक तरुण मुलीच होत्या, काही तर चौदा-पंधरा वर्षांच्या. आकडे बारीक, कुंचला उंटाच्या केसांचा, चार फटकाऱ्यांत त्याचे टोक फिसकटे. म्हणून त्यांना शिकवले गेले: ओठांत धरा, टोक काढा, रंगात बुडवा, आकडा भरा. पुन्हा ओठांत. दिवसाला शेकडो तबकड्या. पैसे तबकडीमागे मिळत, त्यामुळे हात थांबत नसे. याने काही अपाय तर नाही ना, असे विचारणाऱ्यांना ‘नाही’ असे सांगितले जाई. मुली संध्याकाळी घरी निघत तेव्हा केसांवर, कपड्यांवर बसलेली पूड अंधारात चमके. गंमत म्हणून काही जणी नखांना आणि दातांना तो रंग लावीत. त्याच इमारतीत रसायनशास्त्रज्ञ मात्र शिशाच्या पडद्याआडून, चिमट्याने रेडियम हाताळीत होते. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढची सगळी हकीकत या फरकाची आहे.

रेडियम रासायनिकदृष्ट्या कॅल्शियमचा भाऊबंद आहे. पोटात गेलेले रेडियम शरीर चुना समजून हाडांत नेऊन ठेवते, आणि तेथे बसून ते आतून मारा करीत राहते. १९२२ पासून मुलींचे दात हलू लागले, उपटलेल्या दाताची जखम भरेना, जबडे सडू लागले, चालताना मांडीचे हाड मोडू लागले. मॉली मॅगिया त्याच वर्षी गेली. दाखल्यावर मृत्यूचे कारण उपदंश असे लिहिले गेले. म्हणजे जीव गेलाच, वर अब्रूही. पाच वर्षांनी तिचे शव उकरून तपासले तेव्हा हाडांत उपदंशाची खूण नव्हती, रेडियम होते.

कंपनीला कळत नव्हते असे म्हणायला जागा नाही. १९२४ साली तिने हार्वर्डचे सेसिल ड्रिंकर यांना कारखाना तपासायला बोलावले. त्यांनी दोष रेडियमवर ठेवला. कंपनीने तो अहवाल दाबला आणि राज्याच्या कामगार खात्याकडे त्याचे उलटे, आपल्या सोयीचे रूप पाठवले. एसेक्स परगण्याचे शवचिकित्सक हॅरिसन मार्टलँड यांनी १९२५ साली रेडियमचा दोष वैद्यकीय नियतकालिकातून उघड मांडला, तेव्हा गोष्ट झाकेनाशी झाली.

ग्रेस फ्रायर १९१७ साली अठराव्या वर्षी कारखान्यात लागली होती. तीन वर्षांनी ती बँकेत नोकरीला गेली. आजार नंतर उपटला. खटला चालवायला वकील मिळवण्यातच तिची दोन वर्षे गेली. अखेर १९२७ साली रेमंड बेरी नावाच्या तरुण वकिलाने काम घेतले आणि पाच जणींनी मिळून दावा लावला. कंपनीने मुदतीच्या कायद्यावर बोट ठेवले: इजा झाल्यापासून दोन वर्षांत दावा लावायला हवा होता. हाडात बसून दहा वर्षांनी डोके वर काढणाऱ्या विषासाठी कायद्यात कलम नव्हते. १९२८ च्या जानेवारीत न्यायालयात शपथ घ्यायला हात वर करणेही त्यांतल्या काहींना जमले नाही. तरीही पुढची तारीख काही महिन्यांनी पडली, कारण कंपनीचे साक्षीदार उन्हाळ्यात युरोपला जाणार होते. वर्तमानपत्रांनी यावर इतकी ओरड केली की जूनमध्ये तडजोड झाली. प्रत्येकीला १०,००० डॉलर रोख, वर्षाला ६०० डॉलर निर्वाहवेतन आणि औषधोपचाराचा खर्च. ग्रेस फ्रायर १९३३ साली वारली. रंगाचे जनक डॉ. सोखोत्स्की तिच्याआधीच, १९२८ साली, त्याच विषाने गेले होते. मेरी क्यूरी १९३४ साली गेल्या, रक्त तयार होणे थांबून.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९२१ साली मेरी क्यूरी अमेरिकेला गेल्या तेव्हा तेथील स्त्रियांनी वर्गणी गोळा करून त्यांना एक ग्रॅम रेडियम भेट दिले. किंमत एक लाख डॉलर. राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते समारंभ झाला. ज्या देशातल्या स्त्रिया एका ग्रॅमसाठी लाख डॉलर जमवत होत्या, त्याच देशात, त्याच वर्षी, गरिबांच्या मुली ते ओठांनी चाटत होत्या.

इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावी दुसरी कंपनी हाच उद्योग करीत होती, आणि न्यू जर्सीचा निकाल लागल्यावरही तिने कामगार मुलींना धीर देणाऱ्या जाहिराती छापल्या. तेथील कॅथरिन डोनह्यू हिने १९३८ साली औद्योगिक आयोगापुढे खटला जिंकला, त्याच वर्षी ती गेली. या बायकांच्या हाडांची मोजमापे पुढे पन्नासेक वर्षे चालली. शरीरात किती रेडियम साठले तर चालेल, याची पहिली मर्यादा १९४१ साली ठरली ती त्यांच्यावरून, आणि प्लुटोनियम हाताळणाऱ्यांची मर्यादा ठरवताना पाया धरला गेला तोही तिचाच. आज क्ष-किरण खोलीतला तंत्रज्ञ छातीला जो बिल्ला लावतो, त्यामागेही कुठेतरी त्या आहेत.

आता आपल्याकडे वळू. बडोद्यातल्या किंवा ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी घराला रेडियमपेक्षाही जवळची एक किरणोत्सारी वस्तू होती, आणि तिच्याकडे कोणीच त्या नजरेने पाहिले नाही. ती म्हणजे गॅसबत्तीचे मेंटल.

वरातीत डोक्यावर बत्त्या घेऊन चालणाऱ्या बायका, कीर्तनाच्या मांडवात टांगलेली बत्ती, तिला पंप मारणारा बत्तीवाला, आणि ‘मेंटलला हात लावू नका रे’ म्हणून पोरांवर ओरडणारे कोणीतरी वडीलधारे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वर्णन करून सांगायला नको. नवे मेंटल रेशमी पिशवीसारखे असते. ते बांधून जाळले की कापड जळून जाते आणि पांढऱ्या राखेची नाजूक जाळी उरते. ती राख थोरियमच्या ऑक्साइडची असते. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी १८९१ च्या सुमारास हे प्रमाण बसवले: ९९ भाग थोरियम ऑक्साइड, १ भाग सीरियम ऑक्साइड. येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. घड्याळातला उजेड किरणोत्साराचा होता. मेंटलचा तसा नाही. थोरियमची राख प्रचंड उष्णतेतही टिकते आणि सीरियममुळे शुभ्र तेजाने उजळते, एवढेच. किरणोत्सार तिच्याबरोबर फुकट आलेला, कोणी न मागितलेला. थोरियमचे अर्धायुष्य सुमारे १४०५ कोटी वर्षे, त्यामुळे त्याचा मारा फार मंद. पेटत्या बत्तीजवळ बसल्याने कोणाचे काही बिघडले नसावे. जपायचे ते फुटलेल्या मेंटलच्या धुळीला, आणि खरा प्रश्न कारखान्यात रोज ती हाताळणाऱ्यांचा.

हे थोरियम येई कोठून? १९०९ साली शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडले. माग काढीत तो दक्षिण किनाऱ्यावर मनवलकुरिचीला पोहोचला. म्हणजे बर्लिनच्या रस्त्यांवरचे दिवे त्रावणकोरच्या वाळूवर उजळू लागले, आणि तीच वाळू मेंटल होऊन पुन्हा आपल्या वरातीत आली. पुढे अणुशक्तीमुळे थोरियमचे मोल वेगळेच झाले. १९४७ साली दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी त्रावणकोर स्वतंत्र राहील अशी भाषा केली, तेव्हा त्यांच्या हिशेबात या वाळूचे बळही धरलेले होते. आपल्यापैकी अनेकांचे वाडवडील संस्थानांच्या चाकरीत होते. विलीनीकरणाच्या गोष्टी आपण खूप ऐकल्या. त्यांत दिव्याच्या जाळीचाही भाग होता, हे मला फार उशिरा कळले. स्वातंत्र्यानंतर वाळूची निर्यात बंद झाली, १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी निघाली, आणि १९५५ साली तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, थोरियमचा कारखाना सुरू झाला. तेथला थोरियम नायट्रेट मेंटल बनवणाऱ्यांनाही जात असे. भारताच्या अणुकार्यक्रमाचे एक पहिलेवहिले गिऱ्हाईक बत्तीवाला होता, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

तिसरी वस्तू घरातली नाही, पण तिच्याशी आपले नाते घरच्यासारखेच आहे. किरणोत्सारातून उजेड मिळतो तशी ऊबही मिळते, आणि उबेतून वीज काढता येते. हीच अणुबॅटरी. हेन्री मोझ्ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१३ सालीच रेडियमवर चालणारी एक बॅटरी प्रयोगशाळेत करून दाखवली होती. प्लुटोनियम-२३८ हाती आल्यावर ती कामाची झाली. त्याचे अर्धायुष्य ८७.७ वर्षे; म्हणजे माणसाच्या आयुष्यभर पुरेल इतकी ऊब. १९७७ साली निघालेली व्हॉयेजर याने अजून त्याच्यावरच बोलतात. १९७० साली पॅरिसमध्ये एका रुग्णाच्या छातीत प्लुटोनियमवर चालणारा पेसमेकर बसवला गेला. त्या वेळच्या साध्या बॅटऱ्या दोनेक वर्षांत संपत आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागे, तेव्हा ही कल्पना वेडगळ नव्हती. अडचण मेल्यानंतरची होती. प्रत्येक पेसमेकर परत मिळवायचा, आणि चुकून चितेवर गेलाच तर त्याचे कवच फुटू नये इतके मजबूत करायचे. लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आणि तो प्रकार मागे पडला. आपल्या चांद्रयान-३ च्या प्रणोदन कक्षात प्रत्येकी एक वॉट उष्णता देणारे असे दोन किरणोत्सारी तापक होते. ते बिनबोभाट काम करून गेले.

बिनबोभाट न राहिलेली गोष्ट नंदादेवीची. १९६४ च्या ऑक्टोबरात चीनने लोपनॉर येथे अणुचाचणी केली. चीनच्या प्रक्षेपणास्त्रांचे संकेत टिपायला अमेरिकेच्या आणि भारताच्या गुप्तचर खात्यांनी मिळून ७,८१६ मीटर उंचीच्या नंदादेवीवर एक यंत्र बसवायचे ठरवले. वीज प्लुटोनियमच्या जनित्रातून मिळणार होती. भारतीय तुकडीचे नेते कॅप्टन मनमोहन सिंग कोहली होते. १९६५ सालीच त्यांच्या नेतृत्वाखाली भारताची मोहीम एव्हरेस्टवर पोहोचली होती. १९६५ च्या ऑक्टोबरात हिमवादळाने तुकडीला वरच्या छावणीवरून परतावे लागले, तेव्हा यंत्र खडकाच्या कपारीत बांधून ठेवले गेले. पुढच्या वसंतात पाहतात तो कपारीसकट सगळे नाहीसे. हिमलोट घेऊन गेला असावा. पुढे दोन-तीन वर्षे शोध झाला, सापडले नाही. कोहलींनी नंतर लिहिले आहे की जनित्राची ऊब लागते म्हणून ते पाठीवर घ्यायला शेर्पा खूश असत. आत काय आहे, हे त्यांना सांगितलेले नव्हते.

हे वाक्य वाचताना मला ऑरेंज गावच्या मुली आठवल्या. तेथे चिमट्याने धरणारे आणि ओठांत धरणारे निराळे होते. येथे जाणणारे आणि वाहणारे निराळे.

देशाला हे कळायला तेरा वर्षे लागली. १९७८ च्या एप्रिलमध्ये एका अमेरिकन मासिकात बातमी फुटली आणि पंतप्रधान मोरारजी देसाई यांना संसदेत निवेदन करावे लागले. डॉ. आत्माराम यांच्या अध्यक्षतेखाली शास्त्रज्ञांची समिती नेमली गेली. पाण्यात दोष आढळला नाही, भीतीचे कारण नाही, असा निर्वाळा मिळाला. तो खरा मानायला माझी हरकत नाही. पण नंदादेवीचे पाणी ऋषिगंगेतून अलकनंदेत आणि तेथून गंगेत येते, आणि आपल्या प्रत्येकाच्या देवघरात ते सीलबंद गडूत असते. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ऋषिगंगेला लोंढा आला तेव्हा रैणी गावच्या लोकांनी पहिला संशय घेतला तो त्या यंत्राचा. शास्त्रज्ञांनी कारण शोधले ते वेगळे होते: रोंती शिखरावरून खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा कोसळला होता. गावकरी चुकले खरे. परंतु ज्यांना एकदा तेरा वर्षे काही सांगितले गेले नाही, त्यांनी छप्पन्न वर्षांनी शंका घेतली तर त्यांना अडाणी म्हणण्याआधी मी थोडा थांबेन. त्या प्लुटोनियमपैकी निम्म्याहून अधिक आजही शिल्लक आहे.

आता पुन्हा घड्याळाकडे. दादा गेल्या वर्षी ७९ व्या वर्षी गेला, हृदयविकाराने. त्याचे दात शेवटपर्यंत शाबूत होते, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर वाचक उगाच भलता निष्कर्ष काढतील. एका आकड्याची पूड आणि वर्षानुवर्षे दिवसाला शेकडो तबकड्या, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. त्याच्या तेराव्यानंतर माळा आवरताना घड्याळ सापडले. पुतणी म्हणाली, आता चमकत नाही, म्हणजे रेडियम संपले असेल. दिवाणखान्यात ठेवू, बाळाला खेळायला होईल.

हा समज सर्रास आहे, म्हणून हा लेख लिहायला बसलो. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे. ऐंशी वर्षांत त्यातले शंभरातले तीन-चार भाग जेमतेम कमी होतात. विझते ते जस्ताचे सल्फाइड, कणांचा मार खाऊन खाऊन. म्हणजे दिवा गेला, तेल भरलेलेच आहे. काच बंद असेल तर अल्फा कण काचेबाहेर येत नाहीत आणि कपाटात ठेवलेल्या एका घड्याळाने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण ते उघडू नये, आकडे खरवडू नयेत, दुरुस्तीला द्यायचे झाले तर कारागिराला आधी सांगावे, आणि भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नये. जुना रंग सुटून त्याची पूड होते. ती श्वासातून किंवा बोटांवरून पोटात जाणे हाच धोका. जुनी घड्याळे गोळा करण्याचा छंद असणाऱ्यांनी ती झोपायच्या खोलीत मांडू नयेत. शंका वाटल्यास जवळच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात मोजणी-यंत्र असते. मी तसेच केले. प्राध्यापकांनी नळी काचेवर धरली तसे यंत्र कडकडू लागले. हातभर मागे घेतल्यावर ते जवळजवळ गप्प झाले.

घड्याळ आता दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून, आजोबांच्याच पत्र्याच्या ट्रंकेत, माळ्यावर ठेवले आहे. पुतणीच्या मुलाला मराठी वाचता येईल की नाही कोण जाणे, म्हणून चिठ्ठी मराठीत आणि गुजरातीत अशी दोन्हींत लिहून आत घातली आहे: हे तुझ्या खापरपणजोबांचे गजराचे घड्याळ. यात खरे रेडियम आहे. काच काढू नकोस. नऊचा आकडा तुझ्या आजोबांनी खरवडला आहे, तो पहिल्यापासून तसा नव्हता.